घट्ट झाकणाचं भांडं

"भांडं उतरव," एबादो म्हणाली. "खुर्चीवर चढ. दोरी कापू नकोस, गाठ सोड."

इदिलला वाटलं, आजीला ते पुसून हवं असेल. मुळांच्या तंतूंनी घट्ट विणलेलं दुधाचं ते उभं भांडं एबादोच्या पलंगावरच्या खुंटीला इदिलच्या जन्माआधीपासून टांगलेलं होतं. त्यात दूध ओतलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी एकदा तिने त्याला हात लावला, तेव्हा कधीही कोणावर हात न उगारणाऱ्या आजीने तिच्या बोटांवर चापट मारली होती.

झाकणाच्या कडेने मेण ओतलेलं होतं. आजीच्या सांगण्यावरून इदिलने ते सुरीने खरवडून काढलं. झाकण निघालं तसा आतून, दुधाच्या भांड्यांना देतात त्या धुरीचा जुना वास आला. तळाशी कापडाची पुरचुंडी होती आणि पुरचुंडीत एक कॅसेट.

इदिल ती हातात धरून उभीच राहिली. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यापासून ती हर्गेसा शहरातल्या सांस्कृतिक केंद्राच्या टेपखोलीत काम करत होती. कवितांच्या, भाषणांच्या, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या हकिकतींच्या कॅसेट गोळा करायच्या आणि त्यांतला आवाज संगणकात उतरवून घ्यायचा, हे तिचं काम. त्यासाठी तिने गावातली दारं ठोठावली होती, चहावाल्यांच्या फळ्या धुंडाळल्या होत्या.

"कोणाची आहे?"

"लिबानची."

हे नाव घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते उच्चारत नसे. लिबान म्हणजे एबादोचा धाकटा मुलगा, इदिलचा काका. दुष्काळाच्या वर्षी इदिलच्या आजोबांनी, कवी रोबलेंनी, वारफा नावाच्या एका प्रतिष्ठित माणसाला कंजूस ठरवणारी कविता रचली. लिबानने ती टेपरेकॉर्डरवर उतरवली. एका कॅसेटच्या दहा झाल्या, चहाच्या टपऱ्यांवर वाजू लागल्या. कवितेला कवितेनेच उत्तर द्यायचं, ही रीत. वारफाच्या पुतण्यांनी उत्तर पाठवलं नाही. त्यांनी लिबानला विहिरीवर गोळी घातली. मग सूडात त्यांच्यातला एक मारला गेला. शेवटी दोन्हीकडचे वडीलधारे बाभळीखाली बसले आणि तह झाला. वारफाची मुलगी रोबलेंच्या थोरल्या मुलाला, गुलेदला, दिली गेली. ती इदिलची आई, कल्तून. आणि ती कविता पुन्हा कोणाच्याही तोंडी येणार नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली. गावोगावच्या कॅसेट गोळा करून जाळल्या. सगळ्या जळाल्या असंच आजवर सगळे धरून चालले होते.

"कविता नको मला," एबादो म्हणाली. "सुरुवातीला तो बोललाय. कविता कोणाची, कोणी उतरवली, सगळं नीट सांगितलंय. तेवढं ऐकव."

कविता म्हणणाऱ्याने आधी तिच्या मालकाचं नाव घ्यायचं आणि मगच तोंड उघडायचं, हा इथला नियम. नाव न घेता म्हणणारा चोर. लिबानचं छायाचित्र घरात नव्हतं. त्याचं जे काही या जगात उरलं होतं, ते या चार वाक्यांत होतं.

इदिलने कॅसेट खिडकीशी नेली. टेप दाबून धरणारी नमद्याची गादी गळून पडली होती. कडेला तपकिरी भुकटी साचली होती. म्हणजे चुंबकी थर सुटायला लागला होता. धुरीमुळे बुरशी मात्र कुठेच नव्हती.

"एकदा चालेल, आजी. दुसऱ्यांदाचं सांगता येत नाही. आणि एकदा चालू केली की थांबवायची नाही, मागेपुढेही करायची नाही. चिकटली तर तुटेल. सुरुवात ऐकायची तर कविताही पूर्ण चालवावी लागेल."

एबादोने डोळे मिटले. आठ दिवसांनी तिला हृदयाच्या ऑपरेशनसाठी सरहद्दीपलीकडे अदिस शहरात न्यायचं होतं. तिथल्या डॉक्टरांनी या वयात खात्री देत नाही असं स्पष्ट सांगितलं होतं.

"मग एकदा," ती म्हणाली आणि कॅसेट परत पुरचुंडीत बांधून तिने मांडीवर घेतली.

तेवढ्यात दारात कल्तून आली. तिच्या हातात गरम लहोहची, आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यांची, थाळी होती, वर तूप आणि साखर. तिने आधी भांडं पाहिलं, मग बाजूला पडलेलं झाकण, मग सासूच्या मांडीवरची पुरचुंडी. एबादोने त्यावर पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"हे माझ्या आईचं भांडं आहे," कल्तून म्हणाली. तिने थाळी खाली ठेवली आणि ती निघून गेली.

*

चुलीवरचा शेवटचा लहोह करपला होता. कल्तूनने तो काढून कोंबड्यांना टाकला आणि तव्यावर नवीन पीठ घातलं. ते पसरायला ती विसरली.

लग्नात तिच्या आईने पाच भांडी दिली होती, पाचही स्वतः विणलेली. हे त्यांतलं सगळ्यात मोठं. त्या लग्नात तिच्या पावलांवर कोणी आनंदाची किलकारी घातली नव्हती. नवी सून दारात आली की घरातल्या बायका जीभ फिरवून किलकारी देतात, सासूची सगळ्यांत आधी. एबादो दाराला टेकून उभी होती आणि तिचं तोंड बंद होतं. कल्तूनला त्याचं नवल वाटलं नाही. मुलाच्या रक्ताच्या बदल्यात आलेली मुलगी म्हणजे कोणाला आनंद? पुढची चार वर्षं सासू तिच्याशी कामापुरतंच बोलली. पाणी भर. शेळी बांध. मीठ कमी आहे.

मग युद्ध आलं, आणि विमानं शहरावर फिरू लागली. लोक हाताला लागेल ते उचलून सरहद्दीकडे चालू लागले. कल्तूनच्या पाठीवर थोरला मुलगा होता, आठ महिन्यांचा. पुढे एबादो चालत होती, आणि तिच्या पाठीला हे भांडं बांधलेलं होतं. वाटेतल्या बायका तिला हसल्या. म्हातारे, रिकामं भांडं कशाला वाहतेस, त्यापेक्षा पीठ घ्यायचं. एबादो मागे न बघता म्हणाली होती, "सुनेच्या आईचं आहे."

ते वाक्य कल्तूनने आयुष्यभर जपलं. त्या वाटेवर, पुढे हलणाऱ्या त्या भांड्याकडे बघत चालताना, तिने मनाशी ठरवलं की ही माझी आई. छावणीत तिची सख्खी आई तापाने गेली, तेव्हा ती एबादोच्या मांडीत रडली. पुढे एबादोचे गुडघे गेले, डोळे गेले. कल्तूनने तिचे पाय चेपले, तिचा चहा फुंकून दिला, आणि हे सगळं ती कर्तव्य म्हणून करत नव्हती.

तव्यावरच्या पिठाचा गोळा फुगून काळा झाला. तिने तोही कोंबड्यांना टाकला.

*

दुपारच्या जेवणाला गुलेद घरी आला तोवर बातमी त्याच्या बहिणीला कळली होती. दाहाबो आईच्या ऑपरेशनसाठी कार्डिफहून आली होती. तीस वर्षं तिथे राहूनही तिचा आवाज इथल्या अंगणात मावेल एवढा लहान झाला नव्हता. जेवण वाढलं जात असतानाच तिने सांगून टाकलं, की बाबांच्या सगळ्या कविता लोकांच्या तोंडी आहेत, हीच एक नाही. ज्यांना ती पाठ होती ते एकेक करून गेले. ही कॅसेट नुसती आईची नाही, ती सगळ्यांची आहे, आणि ती केंद्रात ठेवायची.

गुलेदने घास खाली ठेवला. तो मेंढ्या बेर्बेराच्या बंदरातून जहाजाने पाठवत असे, आणि त्यातला त्याचा भागीदार कल्तूनचा भाऊ होता. दोन्ही घरांची मुलं एकाच शाळेत जात. हे सगळं त्या बाभळीखालच्या शपथेवर उभं होतं, आणि कविता एकदा सुटली की ती हातात राहत नाही, हे तो भावाला पुरून शिकला होता. तो हळू आवाजात म्हणाला की सुरुवातीची चार वाक्यं आईला ऐकवायची आणि पुढचं तिथल्या तिथे पुसून टाकायचं. इदिलने सांगितलं की केंद्रात अर्धं पुसता येत नाही. घ्यायचं तर अख्खं घ्यायचं. फार तर काही वर्षं कुलूपबंद ठेवता येतं.

"कुलूप," गुलेद म्हणाला. "फोनच्या जमान्यात."

"तुला मेंढ्यांखेरीज काही जपता येत नाही," दाहाबो म्हणाली. "बाबा असते तर..."

"बाबांनीच जाळल्या होत्या."

"रडत जाळल्या. मी पाहिलंय."

"तू कार्डिफला बसून कविता जप. तिथे कोणी विहिरीवर जात नाही. नळाला पाणी येतं."

दाहाबो हसली, कारण बोलणं तिला लागलं होतं. मग ती म्हणाली की शपथ तोंडाची होती, यंत्राला तोंड नसतं. गुलेद म्हणाला की लिबानला मारणाऱ्यांनीही ती यंत्रावरच ऐकली होती.

"शपथ तोंडाची होती," एबादो कोपऱ्यातून म्हणाली. "कानाची नव्हती. मी तीस वर्षं ती वाजवली नाही. मनातसुद्धा म्हटली नाही. मला आता त्याचा आवाज ऐकून जायचंय. तुमची भांडणं मी गेल्यावर करा."

कल्तून चहा वाढत होती. गुलेदने पाहिलं, की तिने सगळ्यांचे पेले भरले, आईचाही भरला, पण तो फुंकून तिच्या हातात दिला नाही. चटईवर, हात पोचेल न पोचेल अशा अंतरावर ठेवला. आईचा हात तो शोधत चटईवर फिरला. वीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदा पाहिलं, आणि आपण इतका वेळ चुकीच्या माणसाशी भांडत होतो हे त्याच्या ध्यानात आलं. कवितेने शिव्या ज्या घराला दिल्या होत्या त्या घरातली एकच व्यक्ती इथे होती, आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"कल्तून," तो म्हणाला. "तू सांग. तू नाही म्हणालीस तर ती चुलीत जाईल. आई काहीही म्हणो."

कल्तूनने किटली खाली ठेवली.

"त्या कवितेसाठी मी या घरात आले," ती म्हणाली. "ती काय आहे हे मला अजून माहीत नाही. बाबांनी घरात कधी सांगितली नाही, इथे कोणाला सांगता येत नव्हती. मी येते. मीही ऐकणार."

*

केंद्राच्या पायऱ्या सात-आठच होत्या, पण एबादोला त्या एकटीने चढता येत नव्हत्या. गुलेद गाडी लावायला गेला होता. दाहाबो आणि इदिल पुढे गेल्या होत्या. एबादो पहिल्या पायरीशी थांबली आणि शेजारी कोण उभं आहे हे तिने वासावरून ओळखलं. कल्तूनच्या ओढणीला नेहमी ऊद आणि तुपाचा वास असे.

"एक विचारते, आई," कल्तून म्हणाली. "आत कॅसेट नसती, तर ते भांडं तुम्ही पाठीवर घेतलं असतं?"

एबादोला तो रस्ता आठवला. टाचांना पडलेल्या भेगा, आणि प्रत्येक पावलाला भांड्याच्या तळाशी होणारा बारीक टकटक आवाज. तो मागून येणाऱ्यांना ऐकू येईल याची तिला भीती वाटत होती. म्हणून तिने पहिल्याच रात्री आपल्या ओढणीचा तुकडा फाडून कॅसेट गुंडाळली होती. सुनेचा विचार तिच्या मनात आला नव्हता. ते वाक्यसुद्धा, सुनेच्या आईचं आहे, बायकांनी आत हात घालू नये म्हणून तिने म्हटलं होतं. आणि त्या दिवसापासून ही मुलगी तिची झाली होती. का, ते तिला छावणीतच कळलं होतं. कळल्यावर तिने ते तसंच राहू दिलं.

मरणाच्या आठ दिवस अलीकडे उभं राहून खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"नाही," ती म्हणाली. "पीठ घेतलं असतं."

थोड्या वेळाने एबादोला आपल्या कोपराखाली तिचा हात आला आहे हे जाणवलं. तिने नेहमीसारखाच तिला एकेक पायरी वर चढवलं. तो हात तिला फार दूरचा वाटला.

*

इदिलने टेप जुन्या डबीतून काढून नव्या डबीत भरली, यंत्रातला टेप वाचणारा हेड पुसला आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. खोलीत खिडकी नव्हती. आजी स्पीकरच्या अगदी समोर, आई तिच्या मागे भिंतीला टेकून, बाबा दाराशी, दाहाबो आत्या स्टुलावर. पडद्यावर हिरवी रेघ सपाट सरकू लागली.

आधी फक्त खरखर होती. मग त्या खरखरीच्या खूप खालून, बोललं न बोललं असं, कोणीतरी काही पुटपुटलं.

"कोण बोललं?" एबादो म्हणाली.

"तोच. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की वरच्या फेऱ्यातला आवाज खालच्या फेऱ्यात उमटतो," इदिलने तिच्या कानाशी सांगितलं. "म्हणून तो आधी असा पुसट येतो. आता खरा येईल."

आणि तो आला. विशीतल्या मुलाचा आवाज, जरा घोगरा, महत्त्वाचं काम करतोय याची जाणीव असलेला. "ही कविता रोबले यांची आहे. ऐकणाऱ्याने ती त्यांचीच म्हणून सांगावी. उतरवून घेणारा त्यांचा मुलगा लिबान. आम्ही आमच्या अंगणात आहोत, पाऊस नाही."

एबादोने दोन्ही हात पुढे केले आणि स्पीकरच्या जाळीवर ठेवले. गुलेदने तोंड दाराकडे फिरवलं. एवढ्यासाठीच ते आले होते आणि ते झालं होतं. टेप मात्र पुढे चालूच राहिली, कारण ती थांबवता येत नव्हती.

रोबलेंचा आवाज संथ होता. प्रत्येक ओळ एकाच ध्वनीवर बांधलेली असावी लागते. त्यांनी या कवितेसाठी धरलेला ध्वनी इदिलने लगेच ओळखला: झ.

"झळा झेलत पाहुणा आला, झाडाखाली झुरत बसला. झाकणं झाकून भांडी झोपली, वारफाचा झरा मुका झाला."

कल्तून हलली नाही. पुढच्या ओळी वारफाबद्दल होत्या. त्याचे कळप, त्याची दाढी, पाहुणा दिसला की त्याला लागणारी झोप. त्या इतक्या नेमक्या होत्या की दाहाबोच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं, आणि आपण कोणाच्या देखत हसतोय हे कळल्यावर ते तिथेच विरून गेलं. मग कविता वारफाच्या बायकोकडे वळली. तिच्या विणीचं कौतुक सुरू झालं. झाकण विणणारीचे हात झिजले, पण झाकण असं बसवलं की थेंब झिरपत नाही, मुलाचं रडू झिरपत नाही, पाहुण्याची दुवासुद्धा झिरपत नाही.

त्या ओळीवर, टेपमध्ये, एका बाईने किलकारी घातली.

लांब, उंच, कुठेही न तुटणारी. तीत धडधाकट बाईच्या फुप्फुसांचं सगळं बळ होतं आणि खरा आनंद होता. पडद्यावरची रेघ वरच्या कडेला जाऊन भिडली. त्यानंतर लिबानचा आवाज आला, हसत, माइकपासून लांब: "हूयो, तू कॅसेटमध्ये आलीस." आणि त्या बाईचा: "येऊ दे, हूयो." हूयो म्हणजे आई, आणि इथे आया लेकरांनाही त्याच शब्दाने हाक मारतात, म्हणून दोघांच्या तोंडी तो एकच शब्द होता.

मग कविता पुढे गेली. पुढच्या ओळी खोलीत कोणी ऐकल्या असतील तर इदिलला माहीत नाही. तिला आजीचे हात दिसत होते. ते जाळीवरून खाली आले होते.

टेप संपून खटका पडला. हेडवर तपकिरी भुकटीची रेघ उमटली होती. इदिलने डबी उघडून पाहिली. टेपचे काही भाग आरपार दिसत होते. ती आता पुन्हा चालणार नव्हती. आवाज आता फक्त संगणकात होता.

मग गुलेदने कसंबसं विचारलं की लिबान आईशी बोलला तेवढं, आणि सुरुवातीचं, वेगळं काढता येईल का. इदिलने मान हलवली. काढता येईल. पण तो कशाबद्दल बोलतोय हे त्याच्या आधीच्या आवाजाशिवाय कळणार नाही.

"तो आवाज मी ओळखला नाही," कल्तून म्हणाली. ती अजून भिंतीला टेकून होती. तिने सासूकडे बघून म्हटलं, पण ते सासूला उद्देशून आहे असं वाटलं नाही. "तीस वर्षं एका घरात राहिले, आणि ओळखला नाही. कारण मी तो ऐकलाच नव्हता. मी दारात आले तेव्हा मला वाटलं होतं, यांना किलकारी येतच नाही. काही बायकांना येत नाही."

एबादोने हात ओढणीखाली घेतले.

"पुसू नका," कल्तून म्हणाली. "माझे भाऊ आहेत तोवर कोणाला ऐकवूही नका. त्याला कुलूप लाव, इदिल. आणि उत्तराशिवाय ठेवू नकोस."

इदिलला आधी कळलं नाही. मग कळलं. कवितेला उत्तर असतं, त्या उत्तराला उत्तर असतं. केंद्रातल्या फळ्यांवर अशा साखळ्या एकत्रच ठेवलेल्या होत्या. या एका साखळीला दुसरी कडी नव्हती, तिच्या जागी गोळी आली होती. तिने माइक आईसमोर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

कल्तून कवी नव्हती. तिने साधंच सांगितलं, पण सुरुवात रीतीने केली.

"हे बोलणं माझं आहे. ऐकणाऱ्याने माझंच म्हणून सांगावं. मी कल्तून, वारफाची मुलगी. उतरवून घेणारी माझी मुलगी इदिल." ती थांबली. "त्या वर्षी आमच्या उंटिणी मेल्या. उरल्या त्या आटल्या. पाचही भांडी रिकामी होती. पाहुणा लांबून दिसला की आई झाकणं घट्ट बसवायची. आत काही नाही हे त्याला दिसू नये म्हणून. पाहुण्याला वाटलं, आत दूध आहे आणि देत नाहीत. बाबांनी त्याला तसं वाटू दिलं. लोकांनी कंजूस म्हटलेलं त्यांना चाललं. भुकेले म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. आम्ही तीन बहिणी होतो. धाकटी त्याच महिन्यात गेली. झाकणातून झिरपत नव्हतं ते रडू तिचं. माझं बोलणं संपलं."

दाहाबो स्टुलावरून उठली आणि काय करावं हे न सुचून पुन्हा बसली. दाराशी गुलेदने कपाळ चौकटीला टेकवलं होतं. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. तिच्याशी त्याचा संसार एवढ्या वर्षांचा, आणि त्याने तिला त्या दुष्काळाबद्दल कधी विचारलं नव्हतं.

कल्तून माइकपाशीच बसून राहिली. बोलणाऱ्याचं संपलं की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी ते स्वीकारल्याचं आवाजाने सांगायचं असतं. पुरुष एक शब्द म्हणतात, बायका किलकारी देतात. ती कोणाची वाट बघत होती हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

एबादोने मान वर केली. तिने तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली, आणि घशातून जोर केला. आवाज आला नाही. तिने पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा जीभ फिरवली. तोंडातून फक्त कोरडी हवा बाहेर पडली.

इदिलचं बोट बटणावर होतं. पडद्यावरची हिरवी रेघ जवळजवळ सपाट होती, श्वासागणिक किंचित वर उठून पुन्हा खाली बसत होती. तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, बंद करू नकोस.

तिने चालू ठेवलं.